माघातलं माप, वैशाखातलं बोट

आमच्या घरात सोन्याचांदीचा बंद गोल दागिना कधी नव्हता. मायच्या पायांत चांदीची जोडवी होती, पण जोडव्यांना खालून फट असते. घट्ट झाली तर जरा उघडायची, सैल झाली तर दाबायची. नाकातल्या खड्याला माप नसतं. काळ्या मण्यांची पोत गाठ मारली की बसते. हातातल्या बांगड्या काचेच्या, त्या आठवडी बाजारात बांगडीवाली भरायची. ती हात हातात घेऊन अंगठ्याखालचं हाड दाबून बघे आणि माप तिचं तीच ठरवी. त्यामुळे दागिन्याचं माप घरी बसून काढायची वेळ आमच्यावर आलीच नव्हती.

ती आली माझ्या मोठ्या बहिणीच्या साक्षगंधाच्या वेळी. साक्षगंध म्हणजे साखरपुडा. त्या दिवशी मुलाकडचे मुलीला अंगठी घालतात.

मी तिला बाई म्हणत असे. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. चामोर्शी तालुक्यात तलावाच्या काठाला आमचं गाव, आणि घर चालायचं मासेमारीवर आणि थोड्या धानावर. बाबांना दम लागायला लागला तेव्हा बाईनं शाळा सोडली आणि त्यांच्या जागी ती तलावात उतरू लागली. जाळं तीच ओढायची, टोपलं डोक्यावर घेऊन चामोर्शीच्या बाजारात तीच बसायची. आमच्या घराण्यात बी.ए.पर्यंत पोचलेला मी पहिलाच. मी कॉलेजच्या गावी खोली घेऊन राहिलो, पुस्तकं घेतली, परीक्षा दिल्या, ते सगळं तिच्या टोपल्याच्या जोरावर. हे मी तेव्हाही जाणत होतो आणि आजही विसरलेलो नाही.

माझं शिक्षण पुढं सरकत होतं तसं तिचं वय पुढं सरकत होतं. स्थळं येत होती, चहा पिऊन जात होती. एकदा एका पाहुणीनं चहाचा कप घेताना बाईच्या बोटांकडे पाहिलं होतं. जाताना बस थांब्यावर ती सोबतच्या दुसऱ्या पाहुणीला म्हणाली, "पोरगी बरी हाये, पन हात गड्याचे हायेत." मी त्यांच्या पिशव्या घेऊन मागेच उभा होतो. मी घरी सांगितलं नाही, पण गोष्ट कशी तरी बाईच्या कानावर गेली. त्यानंतर कोणी बघायला आलं की ती हात पदराखाली ठेवायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा वैनगंगेपलीकडचं एक स्थळ आलं. मुलगा आश्रमशाळेत शिपाई, कायम नोकरीवर. घरचे लोक आमच्यासारखेच, नदीवर मासेमारी करणारे. वडील नव्हते, आईनं वाढवलेला. मुलानं बाईला चामोर्शीच्या बाजारात मासे विकताना पाहिलं होतं आणि होकार देऊनच तो आला होता. भीती होती ती त्याच्या आईची. मध्यस्थ असलेले मामा, म्हणजे मायचे दूरचे भाऊ, आम्हाला पहिल्याच दिवशी म्हणाले, "इहीनबाई तोंडाच्या तिखट हायेत. पन त्यायले एकच गोष्ट चालत नाई, लबाडी. बाकी काई म्हना."

माघ महिन्यात एका सकाळी हेच मामा घाईघाईनं आले. मी त्या दिवशी घरी होतो. थंडी एवढी होती की अंगणात शेकोटीजवळून उठवत नव्हतं. मामा उभ्या उभ्याच म्हणाले, "बोटाचं माप द्या आत्ताच. मी पहिल्या बसनं चांद्याले चाललो. सोनार तिथलाच पाह्यला हाये त्यायनं."

बाबा म्हणाले, "माप म्हंजे? कोन्तं?"

"आंगठीचं गा. पोरीच्या बोटाचं."

बाई त्याच क्षणी तलावावरून आली होती. पहाटेपासून कमरेइतक्या पाण्यात उभी राहून तिनं जाळं ओढलं होतं. लुगडं ओलं, ओठ निळे, बोटांची टोकं पाण्यानं पांढरी पडून सुरकुतलेली. बाबांनी जाळं विणायचं सूत घेतलं, तिच्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला मुळाशी एक फेरा दिला आणि जाळ्याची गाठ मारली. ती गाठ सरकत नाही. मग त्यांनी ते कडं बोटावरून हळूच ओढलं. ओल्या, गार बोटावरून ते सहज निघालं.

"घ्या," बाबा म्हणाले. "माया गाठीत केसभर फरक पडनार नाई."

आणि खरंच, गाठीत फरक नव्हता.

आज कोणी विचारलं तर मी सांगतो की बोटाचं माप सकाळच्या थंडीत घेऊ नये, दुपारनंतर हात कामाला लागून गरम झाला की घ्यावं. बोटाच्या मुळाशी घ्यावं तसंच सांध्यावरही घ्यावं, कारण अंगठी बसते मुळाशी पण जाते सांध्यावरून. आणि एकदा घेऊन थांबू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन ताडून बघावं. या साध्या गोष्टी आहेत. पण ज्या घरात अंगठीच नव्हती त्या घरात त्या कोण सांगणार? पाण्यात हात आकसतात हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. रोजचंच होतं ते. त्याचा अंगठीशी संबंध लावायचं मात्र कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

साक्षगंध वैशाखात ठरलं. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा आटोपली होती आणि मी घरी होतो. आदल्या दिवशी सकाळी मामा आले आणि त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून सोनाराकडून आणलेली गुलाबी कागदाची एक लहानशी पुडी काढली.

"आज बाजाराचा दिवस. बसमधी पाय ठेवाले जागा नाई, आन खिसे कापतेत. आंगठी तुमच्या पेटीत राहू द्या. उद्या ते लोक आले का माया हातात द्या, मी त्यायले देतो. पुडी फोडू नका बरं."

मायनं पुडी पेटीत साड्यांच्या खाली ठेवली. मामा निघून गेले. बाबा पंगतीच्या स्वयंपाकाचे मोठे गंज, म्हणजे पातेली, आणायला शेजारच्या गावी गेले. घरात राहिलो माय, बाई, मी आणि मदतीला आलेली मायची धाकटी बहीण, आमची मावशी.

बाईनं पहाटेपासून अंगण सारवलं होतं, पाणी भरलं होतं, चुलीसाठी लाकडं फोडली होती. दुपार चढत होती. ती घाम पुसत आत आली आणि आपल्या डाव्या हाताकडे बघत उभी राहिली. मग तिनं बोटं आवळली, उघडली, परत आवळली.

"मावशी, हे पाह्य व. बोट भरल्यासारखं दिसून राह्यलं."

मावशी म्हणाली, "उन्हानं होते. पन पाहून तं घे एकदा. उद्या चार लोकायसमोर नाई गेली तं?"

"फोडू नका म्हनलं ना भावानं!" माय चुलीपासून ओरडली.

बाई बराच वेळ पेटीजवळ बसून राहिली. मला तिच्या मनात काय चाललं होतं ते कळत होतं, कारण बस थांब्यावरचं ते वाक्य माझ्याही डोक्यात होतं. उद्या मांडवात त्यांच्याकडचे नि आमच्याकडचे सगळे बघत असणार, आणि त्या सगळ्यांसमोर अंगठी तिच्या बोटाच्या सांध्यावर अडणार. मग लोक अंगठीकडे नाही, हाताकडे बघणार.

तिनं पेटी उघडली आणि पुडी सोडली. अंगठी साधी होती, वर लहानशी नक्षी. बाईनं ती बोटात घातली आणि ती सांध्यावर येऊन थांबली.

"झालं. नाई जात," बाई म्हणाली.

"जाते व, कोऱ्या दागिन्याले जोर लागते," असं म्हणत मावशीनं कोनाड्यातलं टोळीचं तेल बोटावर ओतलं. मोहाच्या बियांचं ते तेल दाट असतं. मावशीनं एका हातानं बोट धरलं, दुसऱ्या हातानं अंगठी दाबली आणि ती एका झटक्यात आत गेली.

"गेली! म्हनलं नव्हतं?" मावशीनं टाळी वाजवली.

बाई हसली. त्या दिवसातलं तिचं ते एकच हसू. तिनं हात लांब धरून बघितला, आणि मग अंगठी काढायला गेली.

ती निघेना.

आधी कोणाला काही वाटलं नाही. मावशीनं ओढलं, मायनं ओढलं, साबण लावून झाला, पुन्हा तेल झालं. प्रत्येक ओढीसरशी सांध्याची कातडी गोळा होऊन अंगठीपुढं येत होती आणि बोट आणखी भरत होतं. थोड्या वेळानं अंगठीच्या वरचा भाग लाल झाला, मग जांभळट.

बाहेरून हाक आली, "गंज आनला हो! कुठी ठेवू?" बाबांनी पुढं पाठवलेला शेजारचा माणूस होता तो. मायनं दार ओढून घेतलं आणि आतूनच ओरडली, "ठेव तिथीच, मांडवात!"

"चाय तं पाज काकी!"

"दूध फाटलं बाप्पा!"

दूध फाटलं नव्हतं. पण ही गोष्ट घराबाहेर पडली असती तर सकाळपर्यंत नदीपलीकडे पोचली असती. ज्यांनी विश्वासानं ठेवायला दिली त्यांची पुडी आम्ही फोडली, साक्षगंधाआधी मुलीनं स्वतःच्या हातानं अंगठी घातली, आणि ती तिला लहान होते. यातली एकेक गोष्टही त्या घरच्या आईला पुरे होती.

बाबा आले. त्यांनी हात पाहिला, आणि टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "चाल. चामोर्शीले सोनार हाये. कापून टाकू."

"आन उद्या काय दाखवाचं?" माय म्हणाली.

"तुकडे दाखवू. बोट तं राहीन."

तेव्हा बाई बोलली. "कापाची नाई, बाबा."

"काऊन?"

"ते माही नाई अजून. त्यायची हाये. मी कशी कापू दुसऱ्याची वस्तू?"

"मंग बोट कापतं का?" बाबा ओरडले, आणि मग स्वतःच घाबरून दाराकडे बघू लागले. बाहेर गंज आणणारा माणूस अजून खोकत होता.

बाईनं माझ्याकडे पाहिलं. "बाजारात मच्छीच्या शेटच्या पेटीत बर्फ असते. आंध्राची मच्छी येते ना त्यातला. तो मले ओळखते. जाय लवकर. काऊन पाह्यजे ते सांगू नको."

मी सायकल काढली. वैशाखाची दुपार, बाजाराला जाणारे सकाळीच गेलेले, रस्त्यावर माणूस नाही. डांबर इतकं नरम झालं होतं की चाकाला चिकटून चरचर आवाज येत होता. मी पॅडल मारत होतो आणि डोळ्यांसमोर ते बोट होतं. तिचा डावा हात गेला तर जाळं कशानं ओढणार, हे माझ्या मनात आलं. मग मला वाटलं, उद्यानंतर तिला जाळं ओढायचंच नसेल. आणि लगेच, उद्या मोडलं तर? असे विचार एकामागे एक येत होते आणि प्रत्येक विचारासरशी पाय जोरात चालत होते.

बाजारात शेट पेटीवर पोतं टाकून पेंगत होता. बर्फ मागितला तसा त्यानं एक डोळा उघडला. "काय गा, उद्या पावन्यायले सरबत पाजता का? मच्छीच्या बर्फाचं?"

"हो," मी म्हणालो.

"वास येन बरं!" तो हसला, आणि पेटीतून एक मोठा तुकडा फोडून भुशात लोळवून पोत्यात बांधू लागला. "बाई काऊन नाई आली आज? ग्राहकं विचारून गेले."

"काम हाये घरी."

"असनच. आता कायची मच्छी विकते ते! सांग तिले, शेटले लाडू पाठव म्हनावं."

मी मान हलवली. एरवी मी त्याच्याशी दोन शब्द बोललो असतो. परतीच्या वाटेवर पोत्यातून पाणी गळत होतं आणि माझ्या पोटरीवर पडत होतं. मी सारखा मागे वळून बघत होतो. गावाच्या वळणावर आलो तेव्हा पोतं निम्मं झालं होतं.

घरात शिरलो तर बाई धानाच्या कोठीला टेकून बसली होती. तिचा हात मायनं लुगड्याच्या तुकड्यानं वरच्या आड्याला बांधून उंच ठेवला होता, म्हणजे रक्त खाली उतरेल. अंगठीवरचं बोट पिकल्या जांभळाच्या रंगाचं झालं होतं.

आम्ही बर्फ फडक्यात घेऊन त्याभोवती धरला. गारवा असह्य झाला की ती डोळे मिटायची, पण हात मागे घ्यायची नाही. मावशी बाजूला बसून म्हणत होती, "मीच जोर लावला व, माया हाताले काय झालं होतं..." थोड्या वेळानं बाबांनी नायलॉनचा धागा घेतला. त्याचं टोक सुईनं अंगठीखालून हाताकडे सारलं आणि उरलेला धागा अंगठीपासून नखापर्यंत बोटावर घट्ट गुंडाळत नेला, एका फेऱ्याला दुसरा लागून. मग हाताकडचं टोक धरून ते उलगडू लागले. धागा उलगडत गेला तशी अंगठी पुढं सरकली, आणि सांध्याच्या अगदी कडेला येऊन अडली. बाबांनी जोर लावला तर धागा तुटला.

बाबा म्हणाले, "मले नाई जमत. चाल सोनाराकडं."

"अजून एकदा," बाई म्हणाली.

पुन्हा बर्फ. या वेळी सगळा, फडक्यात राहिलेला चुराही. पुन्हा धागा. बाईनं पदराचा बोळा दातांत धरला. मी तिचं मनगट धरून होतो, त्यामुळे मला तिच्या अंगातून गेलेला झटका कळला. अंगठी निघाली, सोबत सांध्यावरची कातडी घेऊन, आणि सारवलेल्या जमिनीवर पडली.

कोणीही ती उचलली नाही. आम्ही सगळे बोटाकडे बघत होतो. जांभळा रंग हळूहळू टोकापासून मागे सरू लागला, खालून लाल दिसू लागला. बाईनं बोट वाकवून पाहिलं. ते वाकलं. तेव्हा माय रडायला लागली.

संध्याकाळी मायनं अंगठी धुऊन पुसली आणि पुडी पुन्हा बांधली. पण गुलाबी कागदाच्या घड्या जशाच्या तशा पडेनात. मावशी म्हणाली, "कोन एवढं पाह्यते? आन बोटाचं कोनी विचारलं तं वरवंटा पडला म्हनाचं."

बाई हळद लावलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. "विचारलं तं मी सांगन."

"तू काई बोलू नको," बाबा म्हणाले. "पोरीनं बोलाचं नसते तिथी. आमी पाहून घेऊ."

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मांडवात सतरंज्या अंथरल्या होत्या. मुलगा पांढऱ्या शर्टात मान खाली घालून बसला होता. त्याची आई उंच, काळीसावळी, केस पांढरे. ती येताच तिनं मांडवाच्या बल्ल्यांपासून पाण्याच्या माठांपर्यंत सगळ्यावर नजर फिरवली. बाईला आणून पाटावर बसवलं. डावा हात पदराखाली.

मामांनी माझ्याकडून पुडी घेतली. ती हातात आल्याबरोबर त्यांनी घड्यांवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. ते पुडी सोडू लागले.

मुलानं अंगठी घेतली. बाईनं पदराखालून हात काढला. बोट सुजलेलं, सांध्यावर हळदीचा थर, त्याखालून रक्ताची रेघ. मुलाचा हात तिथंच थांबला.

"काय झालं?" त्यानं हळूच विचारलं.

पण त्याच्या आईनं ऐकलं. ती पुढं सरकली, बाईचा हात आपल्या हातात घेतला, अंगठी सुजलेल्या बोटाजवळ धरून पाहिली, मग शेजारच्या बोटाजवळ धरून पाहिली.

"सूज नसती तरी ही जात नव्हती," ती म्हणाली. "माप तुमीच धाडलं होतं ना?"

"हो जी," बाबा उठून उभे राहिले.

"मंग एवढं लहान काऊन धाडलं? पोरीचं बोट नाजूक हाये असं दाखवाले?"

मागे चुलीजवळ कोणाचा तरी झारा गंजावर आपटला, तेवढाच आवाज. बाबांनी हात जोडले. तेवढ्यात मावशी म्हणाली, "नाई व इहीनबाई! काल वरवंटा पडला ना तिच्या बोटावर. म्हनून..."

"नाई," बाई म्हणाली. "वरवंटा नाई पडला."

मी मायकडे बघितलं. तिनं डोळे मिटून घेतले होते.

बाई मान खाली घालूनच बोलत होती, पण आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. "माप बाबांनी घेतलं. माघात. मी तलावातून निघाली तशीच घेतलं. आमच्यातल्या कोनाच्या ध्यानात नाई आलं. काल मले शंका आली म्हनून पुडी मीच फोडली, घालून पाह्यली. मंग निघाली नाई."

"फोडू नका म्हनलं होतं ना?"

"हो."

"मंग काऊन फोडली?"

"सगळ्यायसमोर नाई गेली असती तं लोक माया हाताले हसले असते. त्याचं भेव वाटलं."

मुलाच्या आईनं तिचा हात सोडला नव्हता. तिनं तो उलटा केला. तळव्यावर जाळ्याच्या दोरीचे जुने घट्टे होते, पिवळे, कडक. त्यावरून तिनं बोट फिरवलं.

"निघाली कशी?"

"बर्फ लावला. धागा गुंडाळला."

"कापाची होती. बोट गेलं असतं तं?"

"तुमची होती," बाई म्हणाली.

मामा घाम पुसत होते. मग मुलाच्या आईनं विचारलं, "माघात, सकाळी?"

"हो. जाळं ओढून आली होती."

"पान्यात किती उभी होतीस?"

"अंधारापासून."

"हं." ती मामांकडे वळली. "आन तुमी मापाले तेवढ्या सकाळी गेल्ते? बस चुकत होती तं चुकू द्याची. माया पाटल्या हिवाळ्यात नदीत उतरली का मनगटावरून घसरतेत, कोपरापाशी नेऊन ठेवा लागते. पान्यातल्या मानसाचं माप असं घेतेत का?" आणि मग मुलाकडे, "काय पाहून राह्यला? घाल."

"कुठी घालू?"

"करंगळीत घाल."

मागून त्यांच्याकडचीच एक म्हातारी म्हणाली, "करंगळीत कोनी घालते का व?"

"तुह्या घरी नको घालू," ती मागे न बघता म्हणाली. मांडवात कोणीतरी हसलं, मग दोघंतिघं हसले. बाबा खाली बसले.

मुलानं दुखऱ्या बोटाला धक्का लागू नये म्हणून बाईचा हात खालून धरला आणि अंगठी करंगळीत घातली. मामांनी अक्षता वाटल्या.

जेवणाची पंगत बसली तेव्हा मी वाढत होतो. बाई मुलाच्या आईशेजारी बसली होती. करंगळीत अंगठी सैल होत होती, म्हणून तिनं डाव्या हाताची मूठ आवळून धरली होती. सुजलेलं बोट आत दुमडलेलं, ते दुखत असणार. ती उजव्या हातानं भात कालवत होती आणि सगळं लक्ष डाव्या मुठीकडे. मी वरण घेऊन त्यांच्यापुढं आलो तेव्हा मुलाच्या आईनं तिकडं पाहिलं.

"मूठ उघड ना व. दुखत असन."

"पडन," बाई म्हणाली.

"पडली तं घरातच पडन. जेव."

बाईनं एकदा तिच्याकडे पाहिलं. मग तिनं मूठ उघडली आणि हात, सगळ्यांना दिसेल असा, मांडीवर ठेवला.